क्लीनर ते मालक : एका शिडीचा इतिहास

ट्रकधंद्यातल्या यशाची गोष्ट आपल्याकडे ठरलेल्या चालीनं सांगितली जाते. दुष्काळी गावातला मुलगा शाळा सोडून गाडीवर क्लीनर म्हणून चढतो. टायर ठोकून हवा बघणं, ताडपत्री आवळणं, काच पुसणं, उस्तादासाठी पाणी भरून आणणं असं करता करता एका रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग त्याच्या हाती येतं. मग लायसन्स, मग कित्येक वर्षं परक्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी, मग हप्त्यावर घेतलेली जुनी गाडी, आणि नशिबानं साथ दिली तर दाराशी उभ्या तीन-चार गाड्या. ही गोष्ट खोटी नाही. पण ती सांगताना जिद्द, मेहनत आणि सचोटी एवढीच कारणं दिली जातात आणि तिथे इतिहासावर अन्याय होतो. क्लीनरला मालक होता येणं ही काही सनातन सोय नव्हे, आणि ती आपोआपही झालेली नाही. साधारण १९५० ते १९९० या चाळीस वर्षांत काही कायदे, काही सरकारी निर्णय, एका विशिष्ट घडणीचं यंत्र आणि बँकांचं एक धोरण हे सगळं जुळून आलं, म्हणून ही शिडी उभी राहिली. तिची किंमत मात्र खालच्या पायरीवरच्या क्लीनरनं आणि मधल्या पायरीवरच्या ड्रायव्हरनं मोजली. आज वरच्या पायऱ्या निखळत चालल्या आहेत, तरी खालून किंमत पूर्वीसारखीच वसूल होते आहे, असं माझं म्हणणं आहे.

मोटारीच्या आधीपासून सुरुवात करायला हवी. दख्खनेत लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीचा मोठा भार लमाण-बंजाऱ्यांच्या तांड्यांवर होता. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे तांडे मुलुखामागून मुलूख पालथे घालत. बैल त्यांचे, हाकणारे तेच आणि पुष्कळदा मालही त्यांनीच खरेदी केलेला. १८०३ साली मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेची धान्याची भिस्त याच तांड्यांवर होती. त्यांच्या जोडीला हुंडेकरी असे. वाटेतली जकात, जोखीम आणि ने-आण ही सगळी जबाबदारी तो ठरावीक रकमेत अंगावर घेई. आजचा ट्रान्सपोर्टवाला त्याचाच वारस. १८३० साली बोर घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि ओझ्याच्या बैलांबरोबर बैलगाडीही घाट चढू-उतरू लागली. सुगी आटोपलेला शेतकरी आपली गाडी भाड्यानं जुंपायचा. वाहन ज्याचं तोच ते हाकणार, ही रीत अशी दोन्हीकडे सारखी होती. रेल्वेनं ती मोडली. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६३ ला बोर घाटातून रूळ वर आले, १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस बैलाच्या पाठीवरून डब्यात गेला. लांब पल्ल्याची वाहतूक एका अवाढव्य मालकाच्या हाती एकवटली आणि बाकीचे सगळे त्याचे नोकर किंवा गिऱ्हाईक झाले. तांड्यांचा धंदा तर गेलाच, शिवाय बंजारा समाजाच्या काही गटांवर १८७१ च्या कायद्यानं ‘गुन्हेगार जमाती’ हा शिक्काही बसला. गाडीवान उरला तो स्टेशनापासून गावापर्यंतच्या तुकड्यापुरता.

मोटार ट्रकनं हा बंद दरवाजा पुन्हा किलकिला केला. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला सुट्या भागांची जुळणी सुरू केली, आणि त्याच सुमाराला मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं रस्ते हा साऱ्या देशाचा प्रश्न आहे हे सरकारच्या गळी उतरवलं. त्यातून १९२९ ला पेट्रोलवरच्या करातला वाटा रस्त्यांसाठी राखून ठेवण्याची व्यवस्था झाली. पण रस्ता सुधारला की ट्रक रेल्वेचा माल पळवणार हे उघड होतं, आणि रेल्वेत सरकारचा पैसा अडकलेला होता. मंदीच्या वर्षांत रेल्वेचं उत्पन्न घसरलं तेव्हा १९३२-३३ च्या मिचेल-किर्कनेस अहवालापासून रस्ता विरुद्ध रूळ हा वाद सरकारी कागदांत सतत येत राहिला. त्याचं फळ म्हणजे १९३९ चा मोटार वाहन कायदा. भाड्यानं माल नेणाऱ्या प्रत्येक गाडीला परमिट लागू झालं. ते द्यायचं की नाही आणि कुठल्या रस्त्यासाठी द्यायचं हे परिवहन प्राधिकरण ठरवणार. रस्त्यावरची स्पर्धा आवरणं हा या कायद्याचा एक सरळ हेतू होता. छोट्या मालकाला उभं करण्यासाठी तो कुणी केला नव्हता. तरीही पुढे तोच कायदा छोट्या मालकाच्या कामी आला. तो कसा, हे समजून घेण्यासाठी स्वातंत्र्यानंतरच्या एका निर्णयाकडे पाहावं लागतं, ज्याची ट्रकच्या संदर्भात फारशी चर्चा होत नाही.

१ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. प्रवासी वाहतूक सरकारनं टप्प्याटप्प्यानं आपल्या हाती घेतली आणि १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानं त्याला देशभराची चौकट मिळाली. महाराष्ट्रात खासगी बसमालकाचा मुख्य रस्त्यावरचा धंदा मिटला. मालवाहतूक मात्र सरकारनं घेतली नाही. घेणं सोपंही नव्हतं. बसला वेळापत्रक असतं, ठरलेला मार्ग असतो, रोजचा उतारू असतो. मालाला हंगाम असतो. लासलगावचा कांदा, सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ आपापल्या दिवसांत डोंगराएवढा होतो आणि एरवी नसतो. परतीचं भाडं मिळेल की गाडी खाली आणावी लागेल हे आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही. अशा धंद्यात पगारी खात्यापेक्षा स्वतःच्या गाडीवर झोपणारा मालक स्वस्त पडतो. त्यामुळे रस्त्यावरच्या धंद्याचा अर्धा भाग सरकारकडे गेला, आणि उरलेल्या अर्ध्यात मोठं भांडवल फारसं उतरलं नाही. १९५१ साली देशात मालवाहू मोटारी होत्या सुमारे ८२ हजार आणि ८९ टक्क्यांच्या आसपास माल रेल्वेनंच जात होता. पुढच्या दशकांत शेती, कारखाने, धरणं आणि साखर कारखाने यांनी जो माल निर्माण केला तो वाहून न्यायला रेल्वे अपुरी पडली. त्यातला वाढता वाटा या ८२ हजारांच्या वंशजांकडे गेला. १९५९ साली मिनू मसानी यांच्या समितीनं या क्षेत्राची पाहणी केली तेव्हा बहुसंख्य मालक एक-दोन गाड्यांचेच होते. मसानींना ही कमजोरी वाटली. छोट्यांनी एकत्र येऊन मोठ्या, टिकाऊ संस्था उभाराव्यात असा तेव्हाच्या तज्ज्ञांचा सूर होता. तसं घडलं नाही आणि छोटा मालकच टिकला. माझ्या मते याचं पहिलं कारण यंत्र.

१९५४ साली टाटांच्या टेल्कोनं डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवायला घेतले. १९५५ पासून मद्रासजवळ लेलँडशी जोडून अशोक लेलँड उभी राहिली. पुढे टाटा १२१० सारख्या गाड्यांनी देशभरचे रस्ते व्यापले. कंपनी पुष्कळदा नुसती चॅसी द्यायची. केबिन आणि हौदा जिल्ह्याच्या ठिकाणचा सुतार-लोहार लाकूड आणि पत्र्यात बांधायचा. या गाडीचं मोठेपण वेगात किंवा आरामात नव्हतं, कुठेही दुरुस्त होण्यात होतं. कमानीचा पाटा तुटला तर रस्त्याकडेचा लोहार तो बदलायचा. इंजिनचं काम निघालं की मेस्त्री पिस्टन-लायनर काढून, नोझल साफ करून, पंपाची सेटिंग कानानं ऐकून लावायचा. गुळगुळीत झालेला टायर रिमोल्ड होऊन मागच्या चाकाला पुन्हा लागायचा. या साधेपणाचा मालकीशी थेट संबंध आहे. गाडी जितकी वर्षं दुरुस्त होत राहते तितकी ती उतरत्या किमतीला हातोहात फिरते. पहिला मालक ती मुंबई-दिल्ली किंवा मुंबई-कलकत्ता पळवायचा, दुसरा राज्यातल्या राज्यात, तिसरा विटा, वाळू, ऊस वाहायचा. मालकीची पहिली पायरी म्हणजे हा तिसऱ्या हाताचा ट्रक. नवी गाडी घेण्याची ऐपत क्लीनरला कधीच नव्हती; पण बारा वर्षं जुन्या गाडीचं इंजिन त्यानं स्वतःच तीनदा उघडलेलं असे, त्यामुळे तिची खरी किंमत शोरूमपेक्षा त्याला जास्त कळत असे. ड्रायव्हरचं कसब हेच त्याचं भांडवल ठरण्याची ही जागा होती.

दुसरं कारण पैसा. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि नंतर ठरवलेल्या अग्रक्रम क्षेत्रात शेती आणि लघुउद्योगांबरोबर छोट्या वाहतूकदाराचंही नाव आलं. त्याआधी गाडीला पैसा मिळे तो सावकाराकडून, पेढीवाल्या सराफाकडून किंवा हायर-पर्चेस कंपनीकडून. सुंदरम फायनान्ससारखी कंपनी १९५४ पासून मद्रासेत हे काम करत होती. बँक आली तरी जामीनदार लागायचाच, आणि जामीनदार म्हणजे सातबारा असलेला माणूस. जुन्या गाडीला बँक सहसा हात लावत नसे. ती पोकळी १९७९ साली स्थापन झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सनं ओळखली. जुना ट्रक घेणाऱ्या ड्रायव्हरला कर्ज देऊनही ते वसूल होतं, हे तिनं धंदा करून दाखवलं. व्याज चढं होतं, पण कागदापेक्षा माणूस आणि त्याची गाडी पाहून पैसा मिळत होता. १९७५ ला राष्ट्रीय परमिटची योजना आली आणि राज्याच्या सीमेवर अडणाऱ्या गाडीला पुढचा रस्ता मोकळा झाला. परमिटांची टंचाई, मालाचा महापूर, दुरुस्त होणारी गाडी आणि हप्त्यानं पैसा : या चार गोष्टी एकाच वेळी हजर होत्या तो काळ म्हणजे सत्तर आणि ऐंशीचं दशक. यशाच्या बहुतेक गोष्टी त्याच काळातल्या असाव्यात, यात मला योगायोग दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं धोरणानं नव्हे, जातीपातीच्या आणि नात्यागोत्याच्या जाळ्यानं घडवलं. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांनी उत्तरेत ट्रकधंदा उभा केला. तमिळनाडूत नामक्कल-संकगिरी पट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी तेच केलं. आपल्याकडे ज्याच्या भावकीत आधीच गाडी होती त्यालाच गाडी मिळाली. हे खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. जामीनदाराची अट पाहिली की भूमिहीन घरातला क्लीनर आयुष्यभर ड्रायव्हरच का राहिला आणि दहा एकरवाल्याचा मुलगा पाच वर्षांत मालक का झाला, हे लगेच कळतं. बायकांना तर या शिडीवर पाय ठेवू देण्याचा विचारही कुणी केला नाही. पण नात्याचं जाळं शिडीवर आधी कोण चढलं एवढंच सांगतं. शिडी तिथे होती का, याचं उत्तर त्यात नाही. तीच भावकी, तीच निकड रेल्वेच्या काळातही होती, तरी स्वतःचा मालडबा कुणी विकत घेऊ शकला नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. परमिट राज म्हणजे लाचखोरी, दलाली, दुसऱ्याच्या नावावर चालणाऱ्या गाड्या. त्याचं गुणगान कशाला? गुणगान करायचं कारण नाहीच. परमिट नावावर असलेला माणूस गाडी न चालवता नुसतं परमिट भाड्यानं देऊन खायचा, हे तेव्हाच्या कुठल्याही अड्ड्यावर उघड गुपित होतं. माझा मुद्दा एवढाच की टंचाईमुळे ज्याच्या हाती परमिटची गाडी आली त्याला भाडं चांगलं सुटायचं, आणि त्या भाड्यातून हप्ता फिटून दुसऱ्या गाडीपुरतं उरायचं. परमिट मोकळं करताना त्या उरलेल्या पैशाची जागा दुसरं काय घेणार, हा प्रश्न विचारला गेला नाही. जुनी व्यवस्था वाईट होती म्हणून नव्या व्यवस्थेतली उणीव मोजायचीच नाही, हे योग्य नव्हे.

आता किंमत कुणी मोजली ते पाहू. १९६१ साली मोटार परिवहन कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुट्टी, पगारी रजा, जादा कामाचा दाम हे सगळं त्यात होतं. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक क्लीनर एवढाच संसार असलेला मालक त्याबाहेर राहिला आणि बहुसंख्य मालक तसेच होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं कामाचे तेच तास कागदोपत्री साऱ्या मालवाहू गाड्यांना लावले, पण तीन राज्यं ओलांडणाऱ्या ड्रायव्हरचे तास मोजणार कोण? क्लीनरला तर पगार म्हणावा असा पगार अनेकदा नसेच. जेवण, रात्री निजायला टपाची जागा, आणि गाडी शिकवण्याचं आश्वासन. ड्रायव्हरला महिन्याच्या रकमेपेक्षा फेरीचा भत्ता महत्त्वाचा, म्हणून झोप मोडून फेऱ्या वाढवायच्या. हे सगळं तो सोसायचा कारण एक दिवस तोही मालक होणार होता. मालकीची आशा हा त्याच्या मजुरीचाच एक न दिलेला भाग होता, असं मी म्हणेन. बहुतेकांच्या वाट्याला मालकी आलीच नाही हे मान्य केलं तरी त्यानं माझं म्हणणं ढळत नाही. आशा फळली की नाही यापेक्षा तिच्यापायी लोक कमी पैशात राबले, ही गोष्ट मोठी आहे.

याच्या शेजारीच घडलेली एक गोष्ट ठेवून पाहावी. ज्या बाजारपेठेत ट्रक उभा राहतो तिथे त्याच्यात पोती चढवणारा हमाल असतो. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात हमाल पंचायतीच्या रूपानं बाबा आढाव यांनी या हमालांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी देशात वेगळा ठरावा असा कायदा केला. हमालाचा एक मालक नसतो, तो आज या गाळ्यावर तर उद्या त्या; म्हणून व्यापाऱ्यांनी मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळानं त्यातून पगार, भविष्य निर्वाह निधी, उपचाराची सोय सांभाळायची. मालक विखुरलेले असले तरी कामगाराला संरक्षण देता येतं, याचा हा चालता पुरावा. मग त्याच गाळ्यासमोर उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरला तसं का मिळालं नाही? हमाल एका पेठेत राहतो, संध्याकाळी सभेला येतो, त्याचा मोर्चा निघतो. ड्रायव्हर त्या वेळी दुसऱ्या राज्यात असतो. हे कारण आहेच. पण त्याहून खोल कारण असं की हमाल कायम हमाल राहणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं, म्हणून त्याच्या हक्कांचा विचार झाला; ड्रायव्हर उद्याचा मालक समजला गेला, म्हणून त्याच्या आजच्या हक्कांचा विषय निघालाच नाही. ड्रायव्हरच्या बाजूनं जे आंदोलन व्हायचं तेही मालकांचंच असायचं. गाडीत माल रचण्याची वाराई ट्रकवाल्याकडून घेतली जाते, तिच्याविरुद्धची ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही मागणी न्याय्य आहे, पण तीत ड्रायव्हरच्या झोपेचा किंवा निधीचा शब्द नाही.

शिडी निखळायला सुरुवात झाली १९८९ पासून. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा अंमलात आला, परमिट मिळवणं सोपं झालं, पुढे कर्जही सोपं झालं. देशातली मालवाहू वाहनं १९९१ ला साडेतेरा लाखांच्या घरात होती, ती २००१ पर्यंत साडेएकोणतीस लाखांच्या जवळ गेली. ग्राहकाला आणि देशाला याचा फायदा झाला, माल स्वस्तात फिरू लागला. पण गाड्या मालाहून वेगानं वाढल्या की भाडं ठरवणारा मालक राहत नाही, भाडं देणारा ठरवतो. अड्ड्यावर ते उघड दिसतं. दलालाच्या ऑफिसात भाडं ठरतं, दलाली कापून डिझेलपुरता ॲडव्हान्स हाती पडतो, बिल्टी म्हणजे मालाची पावती फाटते. उरलेली रक्कम पोच आल्यावर, म्हणजे माल उतरवून घेणाऱ्याची सही परत आणून दिल्यावर. ती आठवड्यानं मिळते, कधी महिन्यानं. मधल्या काळात डिझेल, टोल, भत्ता, वाराई, टायर, विमा, पासिंग आणि हप्ता हे सगळं मालकानं आपल्या खिशातून चालवायचं. मोठ्या कंपनीला ही उधारी पेलते, एका गाडीच्या मालकाला पेलत नाही. जादा माल भरणं हा त्याचा तग धरण्याचा उपाय होता. त्यानं रस्ते खचले, माणसं मेली, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला ठाम चाप लावला, तो योग्यच होता. पुढे २०१८ ला सरकारनंच अक्षीय भाराची मर्यादा वाढवली, तेव्हा आहे त्याच गाड्यांत जास्त माल मावू लागला आणि भाड्याच्या शोधातल्या गाड्या आणखी वाढल्या. ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचे दर नियंत्रणातून सुटले आणि २०१७ ला ते रोज बदलण्याची पद्धत आली. भाडं मात्र एकदा ठरलं की ठरलं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना स्वच्छ धूर हवा, ही गरज नाकारता येत नाही, पण त्यांचं दुखणं रस्त्याकडेच्या मेस्त्रीला कानानं ऐकून कळत नाही. त्यासाठी कंपनीचा संगणक लागतो. तिसऱ्या हाताची गाडी घेऊन स्वतःच्या कसबावर ती चालवायची, ही मालकीची पहिली पायरी तिथेच मोडली.

मालकीची ही बाजू किती वेगानं कोसळू शकते ते गोव्यात दिसलं. चीनच्या मागणीमुळे लोहखनिजाची निर्यात फुगली. २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून जास्त खनिज गेलं. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत घरटी टिपर उभे राहिले. खाणीपासून जेटीपर्यंतचा छोटा पल्ला, तिथून पुढे मांडवी-जुवारीतून बार्ज. गावातल्याच मालकांच्या संघटना पाळीनं नंबर लावून भाडं वाटून घ्यायच्या, त्यामुळे दलालाची गरज नव्हती. बेकायदा खाणकामाचा प्रश्न उघडा पडला आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये आधी राज्य सरकारनं, मग सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या. न्यायालयाचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. नद्या आणि शेतं यांची जी नासाडी झाली ती कुणी तरी थांबवायला हवीच होती. पण त्या दिवशी हप्ता थांबला नाही. खाणमालकानं त्याआधी वर्षानुवर्षं नफा नेला होता. टिपरवाल्याकडे होता तो एक ट्रक, जो दुसरीकडे फारसा कामाचा नव्हता, आणि बँकेचं कर्ज. राज्याला शेवटी या कर्जदारांसाठी सवलतीची योजना आणावी लागली. नंतर पुन्हा चालू झालेल्या खाणींच्या लीज २०१८ ला रद्द झाल्या तेव्हा हीच वेळ दुसऱ्यांदा आली. एकाच मालावर, एकाच गिऱ्हाइकावर उभी असलेली मालकी ही जोखीम वरून खाली ढकलण्याचा मार्ग बनते, हे यातून स्पष्ट होतं.

कुणी म्हणेल, आज तर मालक होणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. कर्ज दोन दिवसांत मिळतं, भाडं मोबाइलवर मिळतं, जुलै २०१७ ला जीएसटी आल्यानंतर सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले आणि मुंबईची जकात संपली, रस्ते रुंद झाले. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. नाक्यावर रात्र काढणाऱ्या ड्रायव्हरला या बदलानं खरोखर दिलासा दिला. पण कर्ज मिळणं आणि ते फिटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी गाडी मिळवणं अवघड होतं, मिळाली की तगणं सोपं होतं. आता उलट झालं आहे. आणि नाक्यावर वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या विश्रांतीत गेला नाही, जादा फेरीत गेला. राष्ट्रीय परमिटच्या गाडीवर किमान दोन ड्रायव्हर हवेत आणि मागे आडवं होण्यापुरती जागा हवी अशी अट नियमांत होती. दोन ड्रायव्हरांची अट २०१८ साली काढून टाकली गेली. कारण असं दिलं जातं की ती कुणी पाळतच नव्हतं. न पाळला जाणारा नियम रद्द करण्यापेक्षा तो पाळायला लावणं हा पर्याय कुणाच्या मनात आला नाही, ही मला फार दुःखाची गोष्ट वाटते. ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं व्हायला २०२५ साल उजाडावं लागलं. आणि २०२४ च्या जानेवारीत नव्या न्याय संहितेतल्या, अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणाऱ्या तरतुदीविरुद्ध ड्रायव्हर स्टेअरिंग सोडून उतरले, तेव्हा पहिल्यांदाच देशाला कळलं की हा माणूस मालकापासून वेगळा आहे आणि त्याची भीतीही वेगळी आहे. त्या तरतुदीची अंमलबजावणी सरकारनं लांबणीवर टाकली, पण ड्रायव्हरच्या बाकीच्या प्रश्नांवरची चर्चा तिथेच थांबली.

आज ट्रकमालक सांगतात की ड्रायव्हर मिळत नाहीत, पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ च्या सुमारास मोठी गाडी चालवण्यासाठीची आठवी पासची अट सरकारनं काढली, ती याच टंचाईपायी. पण पोरं शिक्षणाच्या अटीमुळे मागे राहिलेली नाहीत. वर काही नाही हे त्यांना दिसतं, म्हणून ती मागे आहेत. मालकीची आशा दाखवून कमी मजुरीत माणूस राबवायचे दिवस संपले आहेत, तेव्हा ड्रायव्हरकी हाच एक पूर्ण पेशा मानून तिची किंमत द्यावी लागेल. त्यासाठी नवं काही शोधायची गरज नाही. महाराष्ट्राकडे १९६९ चा माथाडी कायदा आहे, त्याच्या मंडळांचा अर्धशतकाहून अधिक अनुभव आहे, आणि रिक्षा-टॅक्सीचालकांसाठी कल्याणकारी मंडळ करण्याचा निर्णयही राज्यानं घेतला आहे. ई-वे बिलामुळे आज प्रत्येक मोठ्या खेपेची नोंद होते : माल कुणाचा, गाडी कुठली, कुठून कुठे. त्या नोंदीवर खेपेमागे छोटी लेव्ही बसवून, माल पाठवणाऱ्याकडून ती घेऊन, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या नावे निधी, विमा आणि उपचार यांची व्यवस्था करणं तांत्रिकदृष्ट्या माथाडी मंडळाच्या कामापेक्षा सोपं आहे. राज्यानं ट्रकचालकांसाठी असं मंडळ करावं, आणि वाहतूकदारांच्या संघटनांनी ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ म्हणताना ‘ज्याचा माल, त्याच्याकडून ड्रायव्हरचा निधी’ ही मागणीही आपल्या निवेदनात लिहावी.